नुसता बेल्ट बदलावा की टेन्शनरसकट? सेल्फ मारताच किंचाळणाऱ्या पिकअपविषयी

पिकअपला सेल्फ मारला की बोनेटखालून दोन-चार सेकंद कर्कश किंचाळी येते आणि मग ती आपोआप थांबते, अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलेल्या माणसापुढे बहुधा दोनच पर्याय ठेवले जातात. एक तर नुसता बेल्ट, म्हणजे इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर वगैरे फिरवणारा रबरी पट्टा, बदलायचा, नाही तर बेल्टबरोबर टेन्शनर (स्प्रिंगने बेल्टला ताण देणारा भाग) आणि आयडलर पुलीही (बेल्टला नुसती वाट दाखवणारी चकती) बदलून टाकायची. मी हे दोन्ही करून पाहिले आहे, तेही याच क्रमाने आणि जेमतेम तीन महिन्यांच्या अंतराने. बेल्टवर मारायचा स्प्रे किंवा साबणाची वडी घासणे यांना मी पर्याय म्हणत नाही, कारण त्याने आवाज दोन दिवस दबतो आणि नंतर त्या चिकट थरावर धूळ बसून बेल्ट अधिकच खराब होतो.

आधी एक फरक ओळखून घ्यावा. सेल्फ फिरत असतानाच खरखर येत असेल, तर दुखणे स्टार्टरकडे आहे आणि पुढचे काही तुमच्या कामाचे नाही. इंजिन सुरू झाल्यावर किंचाळी येत असेल, तर मात्र बेल्ट पुलीवर घसरत आहे असे समजायला हरकत नाही. सेल्फने बॅटरीतून ओढलेला करंट भरून काढण्यासाठी अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारे यंत्र, त्याच क्षणी जोर लावतो, तो जड फिरतो आणि ढिला बेल्ट त्याला ओढू शकत नाही. बॅटरी थोडी भरली की भार उतरतो आणि आवाज थांबतो. म्हणूनच थकलेल्या बॅटरीच्या गाडीत ही किंचाळी लांबते. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते की नाही, एवढे तरी पाहून घ्यावे.

माझी गाडी अकोले तालुक्यात पहाटे दूध गोळा करते. वस्तीवर थांबायचे, इंजिन बंद करायचे, कॅन चढवायचे, पुन्हा सेल्फ मारायचा, असे एका फेरीत वीसेक वेळा होते. पावसाळ्यातल्या ओल्या पहाटे प्रत्येक वस्तीवर ती किंचाळत असे, आणि गोठ्यातली वासरे बुजत असत.

नुसता बेल्ट बदलण्याच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. तो स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणी लगेच मिळतो, आणि आवाज त्याच दिवशी बंद होतो. माझाही झाला. जुन्या बेल्टला एकही तडा नव्हता, त्यामुळे पैसे वाया गेले की काय अशी शंका आली होती. पण हल्लीचे ईपीडीएम रबराचे बेल्ट पूर्वीच्यासारखे तडकत नाहीत, त्यांच्या धारा, म्हणजे आतल्या बाजूच्या लांब उभट रेघा, टायरसारख्या झिजत जातात, आणि झिजलेला बेल्ट वरून धडधाकटच दिसतो.

मला खटकले ते यानंतरचे. साधारण वीस दिवसांनी तोच आवाज परत आला, आणि आता बेल्ट नवा असल्यामुळे त्याच्यावर कोणी संशयच घेईना. मेकॅनिकने अल्टरनेटरच्या बेअरिंगवर बोट ठेवले, दुसऱ्याने वॉटर पंपावर. दोन्ही चांगले निघाले, मजुरी मात्र दोन्हीकडे गेली आणि एका सकाळी दूध केंद्रावर उशिरा पोहोचले. नव्या बेल्टची पकड चांगली असते, त्यामुळे टेन्शनरची स्प्रिंग थकलेली असली तरी तो काही दिवस सांभाळून घेतो. म्हणजे दोष जात नाही, नुसता झाकला जातो. आवाजापेक्षा या फसवणुकीचा मला अधिक त्रास झाला.

शेवटी एका वयस्क मेकॅनिकने पाण्याची बाटली मागितली. इंजिन आयडलिंगला ठेवून, शर्टाची बाही वर करून, हात पंख्यापासून दूर ठेवत त्याने बेल्टच्या धारांच्या बाजूवर थोडे पाणी उडवले. आवाज क्षणभर थांबून परत आला असता, तर पुली एका रेषेत नाहीत असे मानायचे. माझ्या गाडीत तो उलट वाढला, म्हणजे ताण कमी. मग त्याने टॉर्च दाखवून टेन्शनरचा हात, म्हणजे पुली धरणारा दांडा, पाहायला सांगितला. जो जवळजवळ स्थिर दिसायला हवा, तो मिशीसारखा थरथरत होता. बेल्ट उतरवल्यावर आयडलर पुली बोटाने फिरवली, तर तिच्यातूनही कोरडी घरघर आली.

टेन्शनरसकट काम करण्याचा खर्च नुसत्या बेल्टच्या कितीतरी पट येतो, हे खरेच आहे, आणि सुटा भाग मागवावा लागला तर गाडी एखादा दिवस उभी राहते. ज्यांच्या जुन्या गाडीत आपोआप ताण देणारा टेन्शनरच नाही, अल्टरनेटर सरकवून बोल्ट आवळायचा असतो, त्यांनी हा खर्च करण्याचे कारण नाही. तिथे अंगठ्याने दाबून बेल्ट साधारण अर्धा इंच दबेल इतका ताण पुरतो, त्याहून आवळला तर बेअरिंगवर येते. गाडी फारशी चाललेली नसेल, पाण्याच्या परीक्षेत आवाज वाढत नसेल आणि टेन्शनरचा हात शांत असेल, तर नुसता बेल्ट घालून पाहणेही गैर नाही. बेल्टवर ऑइल किंवा कूलंट दिसले, तर मात्र आधी गळती बंद करावी, नाही तर दोन्ही पर्याय सारखेच वाया जातात.

पण गाडी लाखभर किलोमीटर धावलेली असेल आणि रोज अनेकदा सुरू-बंद होत असेल, तर माझा कल संपूर्ण संच एकदम बदलण्याकडे आहे. बेल्ट उतरवण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते, आणि पुन्हा आवाज आलाच तर निदान संशय कुठे घ्यायचा हे ठाऊक असते. माझ्या गाडीत ते काम होऊन दोन पावसाळे गेले आहेत. मधला तो तीन महिने चाललेला बेल्ट मी टाकला नाही. तो सीटमागे, तेरा नंबरच्या पान्याबरोबर, पिशवीत बांधून ठेवला आहे.