बिलावरचा क्यूआर आमचा नव्हता

वडिलांचं, सासऱ्यांचं किंवा काकांचं हॉटेल तुमच्या हाती आलं असेल आणि गल्ल्यावरच्या बिलिंगचा पासवर्ड नक्की कुणाकडे आहे हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर हे पूर्ण वाचा. आमच्याकडे बिलिंगची दुरुस्ती करायला येऊन आम्हाला फसवून गेला तोच माणूस इंदुरात आमच्या ओळखीच्या आणखी हॉटेलांतही जातो असं नंतर कळलं, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

रामबागेतलं उपाहारगृह अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभं केलं. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी थाळी, संध्याकाळी थालीपीठ आणि कॉफी. गल्ल्यावर एक संगणक आणि बिलाचा प्रिंटर, आत भटारखान्यात केओटीचा, म्हणजे ऑर्डरच्या चिठ्ठीचा, प्रिंटर, एवढीच सिस्टीम. पण तिची सगळी माहिती अण्णांच्या डोक्यात होती. ते अचानक गेले. भाऊ पुण्याला नोकरीत, म्हणून मी आणि माझ्या यजमानांनी हॉटेल चालू ठेवायचं ठरवलं.

मालक गेला की कागदपत्रांत काय बदलतं ते आधी सांगते, कारण फसवणुकीचं बीज तिथेच होतं. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर मालकाचा जीएसटी नंबर वारसाला वापरता येत नाही. वारसाला स्वतःची नवी नोंदणी घ्यावी लागते. अन्न परवाना मृत्यूनंतर ९० दिवस वारसाच्या उपयोगी पडतो, त्या मुदतीत तो नावावर करून घेण्यासाठी अर्ज करायचा असतो. बिलावर हे दोन्ही नंबर छापावे लागतात, अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर तर १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. म्हणजे आमच्या बिलाचा मथळा बदलायलाच हवा होता. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन-तीन ओळी बदलायच्या, बस. पण त्यासाठी अ‍ॅडमिन पासवर्ड लागत होता आणि तो आमच्याकडे नव्हता.

त्याच सुमारास इंटरनेटवाल्यांनी जुना राउटर काढून नवा बसवला आणि आत केओटी येणं बंद झालं. बिल निघत होतं, केओटी निघत नव्हती. पोरं कागदावर ऑर्डर लिहून आत पळत होती. मॉनिटरच्या कडेला एका सर्व्हिसवाल्याचा नंबर चिकटवलेला होता. अण्णांच्या वेळेपासून तोच यायचा. त्याला फोन केला.

हा माणूस परका नव्हता. मराठी बोलणारा, अण्णांच्या तेराव्याला जेवून गेलेला. ‘‘ताई, अण्णांनी मला मुलासारखं वागवलं, तुम्ही काळजीच करू नका,’’ असं म्हणून तो खुर्चीवर बसला. थोडा वेळ खटाखट बटणं दाबली आणि चेहरा पाडून सांगितलं की डेटाबेस करप्ट झालाय, आज केओटी गेली, उद्या बिलिंग जाईल. दुसरं, सॉफ्टवेअरचं लायसन अण्णांच्या नावावर होतं, ते त्यांच्याबरोबर संपलं, नवं घ्यावं लागेल. तिसरं, ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, आता सगळ्यांना लागू झालंय, जुन्या व्हर्जनमध्ये ते निघत नाही, नोटीस येईल. तिन्ही मिळून ४२,००० रुपये. अर्धे आधी, अर्धे काम झाल्यावर. पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर. पक्कं बिल मागितलं तर ‘‘डीलरकडून येईल, ताई.’’ ते बिल कधीच आलं नाही.

तिन्ही गोष्टी खोट्या होत्या. पण प्रत्येकीत खऱ्याचा एक धागा होता, आणि असली माणसं नेमकी त्यावरच जगतात. जीएसटी नंबर खरंच बदलणार होता, म्हणून लायसन बदलायचं हेही खरं वाटलं. ई-इनव्हॉइस खरंच आहे, पण ते १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना आणि तेही दुसऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेल्या बिलांसाठी. थाळी जेवून जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बिलाशी त्याचा काहीही संबंध नाही. लायसनचं म्हणाल तर नंतर आम्ही सॉफ्टवेअरच्या कंपनीलाच फोन लावला. त्यांनी सांगितलं की लायसन दुकानाच्या नावावर आहे, कायमचं आहे, मृत्यूचा दाखला आणि एक अर्ज पाठवा, संपर्काचं नाव बदलून देऊ. सर्व्हिसवाल्याने आम्हाला विकलेली लायसन-की (सॉफ्टवेअर चालू करायचा कोड) कंपनीच्या नोंदीतच नव्हती.

‘फॉरमॅट’ करायला म्हणून तो संगणक घेऊन गेला. परत आणला तेव्हा केओटी चालू होती, मथळा नवा होता, सगळं छान दिसत होतं. पण पहिल्याच संध्याकाळी थालीपीठ जुन्या भावाने पडलं. आजारी पडण्याआधी अण्णांनी भाव वाढवले होते, ते सगळे मागे गेले होते. म्हणजे त्याने कुठला तरी जुना बॅकअप परत चढवला होता आणि मधल्या महिन्यांचा हिशोब गायब होता. पुढे सीएंनी आणखी एक गोष्ट दाखवली. नवी नोंदणी झाल्यावर, पण मशीन नेण्याआधी निघालेल्या बिलांचे नंबर आता पुन्हा नव्याने पडत होते. एका आर्थिक वर्षात बिलाचा नंबर दोनदा येता कामा नये आणि क्रम तुटता कामा नये, असा जीएसटीचा नियम आहे. शिवाय हिशोबाच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवाव्या लागतात. वडिलांच्या काळातल्या करासाठी जीएसटी खातं वारसाकडे विचारणा करू शकतं. त्या डेटात महिन्याच्या डब्यांची उधारीही होती. अण्णांनी कुणाला किती सवलत दिली, कुणाचे किती येणे, सगळं तिथेच.

त्याला विचारलं तर म्हणाला, रिकव्हरी करावी लागेल, १५,००० लागतील. आमचाच डेटा त्याच्याकडे ठेवून तो आम्हालाच विकत होता. मला या सगळ्यात सर्वांत जास्त राग याचा आला. पैसे गेले त्याहून जास्त. अण्णांनी रोज रात्री गल्ला मिटवून, चष्मा पुसून एकेक आकडा भरला होता.

आम्ही पैसे द्यायला नकार दिला. त्यानंतर जे घडलं त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसले आहे.

आमच्या बिलाच्या खाली यूपीआयचा क्यूआर छापून येतो. बिलाची रक्कम त्यात आधीच भरलेली असते. गिऱ्हाईक स्कॅन करतं, पिन टाकतं, हिरवी खूण दाखवतं. तो क्यूआर कुठल्या खात्याचा हे सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधल्या एका ओळीवर ठरतं. तिथे यूपीआय आयडी लिहिलेला असतो. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर आणि पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारा साउंडबॉक्स बँकेचा, वेगळा. सेटिंगमधला आयडी बदलला तरी त्यांच्यात काही बदलत नाही.

रोज संध्याकाळी कॉफीला येणारे एक काका आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. कुठलीही पावती पूर्ण वाचल्याशिवाय खिशात घालत नाहीत. त्यांनी बिल स्कॅन केलं आणि फोन माझ्यापुढे धरला. ‘‘बाई, हे नाव कुणाचं?’’ स्क्रीनवर आमच्या उपाहारगृहाचं नाव नव्हतं. कुणा अनोळखी माणसाचं नाव होतं, खाली ११० रुपये. मी दुसरं बिल काढलं, माझ्या फोनने स्कॅन केलं. तेच नाव. यजमानांनी सेटिंग उघडलं तर आयडी आमचा नव्हता.

लगेच मागची बिलं पुन्हा छापून पाहायचा विचार आला, पण त्याने काही सिद्ध होत नाही. पुन्हा छापलेल्या बिलावर त्या क्षणीच्या सेटिंगचा क्यूआर येतो. खरा पुरावा म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातातला कागद. टोपलीतली टाकलेली बिलं चाळली तेव्हा नमुना समजला. दुपारच्या बिलांवर आमचा आयडी, संध्याकाळच्या गर्दीतल्या बिलांवर त्याचा. रात्री दुकान मिटण्याआधी तो परत आमचा आयडी टाकत असणार, म्हणून सकाळी कधी शंका आली नाही. गर्दीत साउंडबॉक्स बोलला की नाही हे कुणाला ऐकू येणार? गल्ल्यावरचा मुलगा हिरवी खूण बघत होता, आणि ती खूण खरीच होती. पैसे खरंच गेले होते, फक्त दुसऱ्याकडे.

शेजारचा एक मुलगा सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाच्या दुकानात काम करतो. तो आला आणि त्याने आधी इंटरनेटची वायर उपटली. मग शोधलं. दूरवरून संगणक चालवण्याचं अ‍ॅप भलत्याच नावाने ठेवलेलं होतं, संगणक चालू होताच आपोआप सुरू होणारं, कायमचा पासवर्ड लावलेलं. आपल्याकडे कुणी ‘हो’ म्हणायचीही गरज नाही, तिकडून थेट आत.

त्याच मुलाने केओटीचं मूळ दुखणंही दाखवलं. भटारखान्यातला प्रिंटर बंद केला, कागद सरकवायचं बटण दाबून धरलं आणि तसाच चालू केला. करकर करत एक चिठ्ठी बाहेर आली, त्यावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता होता : १९२.१६८.०.१५०. मग नवा राउटर कुठले पत्ते देतो ते बघितलं, ते १९२.१६८.१ ने सुरू होणारे. नव्या राउटरने पत्त्यांची वेगळी मालिका धरली होती, म्हणून तेव्हा संगणकाला प्रिंटर सापडत नव्हता. बिलाचा प्रिंटर यूएसबीच्या वायरने थेट जोडलेला, म्हणून तो चालत होता. डेटाबेस ठणठणीत होता. राउटरमध्ये जुनी मालिका टाकली असती तर कुणाला एक रुपया द्यावा लागला नसता. बिल निघतंय पण केओटी निघत नाही, असं तुमच्याकडे झालं तर आधी ही चिठ्ठी काढा आणि राउटर बदललाय का ते विचारा. करप्ट डेटाबेस निवडून फक्त भटारखान्याचा प्रिंटर बंद पाडत नाही.

आम्ही त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार घातली. ताज्या व्यवहारांतली काही रक्कम समोरच्या खात्यात रोखली गेली, जुनी निघून गेली होती. तपास चालू आहे, म्हणून त्या माणसाबद्दल याहून जास्त लिहीत नाही. डेटा मात्र काही अंशी मिळाला. अण्णांच्या कपाटात, बँकेच्या पासबुकांखाली, एक पेनड्राइव्ह होता. त्यात ते अधूनमधून बॅकअप घेत असत. शेवटचे काही आठवडे सोडले तर बाकी सगळं परत आलं. उधारीवाल्यांपैकी बहुतेकांनी स्वतःहून आपले आकडे येऊन सांगितले.

आता आमच्याकडे अ‍ॅडमिन पासवर्ड फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, सर्व्हिसवाल्यासाठी वेगळा, कमी अधिकारांचा यूजर आहे. संगणक दुकानाबाहेर जात नाही. न्यायचाच झाला तर आधी बॅकअप काढून तो घरी नेतो. केओटी प्रिंटरचा पत्ता प्रिंटरवरच चिकटवला आहे. आणि गर्दी सुरू झाली की संध्याकाळी कधीही, वेळ न ठरवता, एक बिल काढून स्वतःच्या फोनने स्कॅन करून नाव वाचतो. रात्री सॉफ्टवेअरमधली यूपीआयची बेरीज आणि बँकेची बेरीज शेजारी शेजारी ठेवतो. हे शेवटचं काम कंटाळवाणं आहे, पण तेवढं एक जरी आधीपासून चालत असतं तरी चोरी दुसऱ्या दिवशीच उघड झाली असती.

तुमच्याकडे असं काही झालं असेल तर तक्रार करताना गिऱ्हाइकाकडून व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर नंबर, स्क्रीनशॉट आणि मूळ कागदी बिल मागून घ्या. त्या संगणकात काही पुसू नका, फॉरमॅट तर अजिबात नको, इंटरनेट तेवढं तोडा. रिमोटचं अ‍ॅप काढून टाकण्याआधी त्याच्या स्क्रीनचे फोटो काढा. आमच्या तक्रारीत तपास अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी तेच मागितले.