टॅब झकास, पण पेनाची निब!

अकरा इंची टॅब, सोबत बिनबॅटरीचं पेन. बाकी स्पेसिफिकेशन्स सगळ्यांना पाठ असतील. मी दिवसा इंदूरला एका करसल्लागाराच्या ऑफिसात बिलं जुळवते, रात्री सीए इंटरचा अभ्यास. टॅब घेऊन बरेच महिने झाले, पण आज लिहायला बसले ती सर्व्हिस सेंटरमधून तणतणत आले म्हणून.

निब, म्हणजे पेनाचं बदलता येणारं प्लास्टिकचं टोक, झिजली. टॅब देतानाच दुकानदाराने ‘बिलकुल कागज जैसा’ म्हणत पडद्यावर मॅट (खरखरीत, न चमकणारी) फिल्म चिकटवून दिली होती आणि सुरुवातीला मी तिच्यावर जाम खूश होते. काचेवर पेन घसरतं. फिल्मवर जरा अडतं, खरखर वाजतं, अक्षर ताब्यात राहतं. इंटरच्या पेपरात ३० मार्कांचे एमसीक्यू (पर्याय निवडायचे प्रश्न) सोडले तर ७० मार्कांचं हातानेच लिहायचं असतं, तेव्हा अक्षर बिघडून चालत नाही. पण खरखर म्हणजे शेवटी घासणंच. टोक एका बाजूने तिरकं सपाट झालं, पेन जरा फिरवलं की रेघ जाडच्या जाड.

काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, निब अलग से नहीं आती, पूरा पेन लीजिए.” वॉरंटी? “निब तो घिसती ही है.” अरे बाबा, घिसते म्हणूनच तर सुटी मागतेय! तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लास्टिकसाठी अख्खं पेन?

इथल्या जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात निबांचं पाकीट मिळालं, चिमट्यासकट. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत दोघींनी भुट्ट्याचा कीस खाल्ला तरी याहून जास्त बिल होतं. जुनी निब चिमट्यात धरून सरळ ओढायची, नवी आत बसेपर्यंत दाबायची, संपलं.

मग फिल्मही उपटली. आणि आता वाटतं, ती नकोच होती. मॅटखाली पांढऱ्या पानावर रंगीत दाणे चमकायचे. आता सीए इन्स्टिट्यूटच्या फुकट पीडीएफमधल्या बारीक तळटीपाही स्वच्छ दिसतात. लिहिण्याचा सराव कागदावर, टॅबवर फक्त खुणा आणि समासातली गिचमीड. एका बाजूला लेक्चर, दुसऱ्या बाजूला पुस्तक, यासाठी मात्र अकरा इंच हवेतच.

कामाचं म्हणाल तर बेताचंच. हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली अँड्रॉइडवर चढत नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरला रिमोट ॲपने जोडून बोटाने व्हाउचर (व्यवहाराची नोंद) टाकायचं म्हणजे शिक्षा. एक्सेलचं मोबाइल ॲप १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यावरच फुकट एडिट करू देतं, पुढे वर्गणी. वर्गणी मी भरणार नाही, गूगल शीट्सवर भागतं. बॅटरीबद्दल तक्रार नाही.

पाकिटातल्या जास्तीच्या दोन निबा ऑफिसातल्या एकीला दिल्या. पैसे घेतले हो, फुकट कशाला?