बाणेरच्या स्पोर्ट्स बारमधली शेवटच्या दिवसाची स्क्रीनिंग: पब्लिक एक नंबर, रिमोट भलत्याच हातात

25 मे 2025 ला इंग्लिश फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा शेवटचा दिवस पुण्यात बाणेरमधल्या एका स्पोर्ट्स बारमध्ये बघितला, त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि तिथली पोरं कष्टाळू आहेत.

एकाच क्लबच्या फॅन क्लबची स्क्रीनिंग मला हल्ली बोअर होते. सगळे एकाच रंगात, सगळ्यांचं रडगाणंही एकच. इथे सगळ्या क्लबची पब्लिक एका हॉलमध्ये येते आणि शेवटच्या दिवशी तेच पाहिजे, कारण दहाच्या दहा मॅच आपल्याकडे साडेआठलाच सुरू होतात, कुणाला दुसऱ्याचा निकाल बघून खेळता येऊ नये म्हणून. टायटलचा निकाल तर 27 एप्रिललाच लागला होता, लिव्हरपूलने स्पर्सला (म्हणजे टॉटनहॅमला) 5-1 धुतलं तेव्हा. खरी मजा चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेच्या, जागांची होती, तिसऱ्या ते पाचव्या नंबरच्या तीन जागा आणि पाच गिऱ्हाईकं: मँचेस्टर सिटी 68 पॉइंटवर, न्यूकॅसल, चेल्सी, ॲस्टन व्हिला तिघेही 66 वर आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट 65, त्यात परत चेल्सीची मॅच फॉरेस्टच्याच घरी.

आणि अशा दिवशी सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर काय, तर आयपीएलची हैदराबाद-कोलकाता. क्लासेनने 37 बॉलमध्ये शंभर ठोकले, मान्य, बघायलाही मजा आली, पण दोन्ही टीम प्लेऑफच्या बाहेर होत्या हो! पोस्टरवर 'फुटबॉल फायनल डे' छापून हजार रुपये कव्हर घेतलं होतं (पूर्ण रिडीमेबल, म्हणजे खाण्यापिण्याच्या बिलात वळतं होणारं, हे सांगायला पाहिजे). वेटर दादाला विचारलं तर म्हणे वरून ऑर्डर आहे. पावसाने त्या आठवड्यात आधीच हजेरी लावलेली त्यामुळे रूफटॉपची स्क्रीनही बंद, सगळी गर्दी खालीच. एक इनिंग संपल्यावर कुठे मोठी स्क्रीन आम्हाला मिळाली.

दुसरी कटकट म्हणजे चार टीव्ही डिशवर आणि दोन ॲपवर, त्यामुळे ॲपवाला कोपरा जवळजवळ अर्धा मिनिट मागे. गोल आपल्याला दिसायच्या आधी पलीकडच्या टेबलाच्या ओरडण्यावरून कळतो. सगळे टीव्ही डिशवर घ्या, एवढं तरी करा.

पण पब्लिक मात्र कमाल. मी आर्सेनलवाला, सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर, त्यामुळे कुणीही यावं आणि टपली मारून जावं अशी माझी अवस्था होती. मी लिव्हरपूलच्या टेबलाला म्हटलं की टीम आधीच्या कोच क्लॉपने बनवलेली, नव्या कोच स्लॉटने फक्त चावी फिरवली, तर एकजण शांतपणे म्हणाला, "मग तुमच्या कोच आर्टेटाला साडेपाच वर्षं झाली, चावी सापडत नाहीये का?" गप्प बसलो. 38 पैकी 14 मॅच ड्रॉ केल्यावर बोलणार काय. त्यांच्यात आपसात मात्र त्यांच्याच डिफेंडर ट्रेंटवरून जुंपली होती, काँट्रॅक्ट संपवून रियल माद्रिदला निघालेल्या पोरासाठी टाळ्या वाजवायच्या की नाही. लिव्हरपूलच्या घरच्या ॲनफिल्डवर त्या दिवशी वाजल्या, इथे अर्ध्या टेबलाने हाताची घडी घातली.

मँचेस्टर युनायटेडच्या टेबलावर एक काका होते, शार्प लिहिलेली जुनी लाल जर्सी, बेकहॅमच्या काळापासूनचे. बुधवारी बिल्बाओत युरोपा लीगची फायनल स्पर्सकडून हरलेली, लीगमध्ये 42 पॉइंट आणि 15 वा नंबर. तेव्हाचे कोच आमोरिमच्या तीन डिफेंडरच्या हट्टावर काकांनी जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. आणि त्याच युनायटेडने त्या दिवशी व्हिलाला 2-0 हरवलं! स्वतःला काही मिळणार नव्हतं, दुसऱ्याचं भरलेलं ताट मात्र ओढलं.

अख्ख्या हॉलमध्ये व्हिलाची जर्सी एकच होती. त्यांच्या कीपर मार्टिनेझला हाफटाइमच्या तोंडावर रेड कार्ड, तरी 0-0, आणि मग व्हिलाच्या रॉजर्सने युनायटेडच्या कीपरकडून बॉल काढून घेऊन गोल मारला तर रेफ्रीने बॉल आत जायच्या आधीच शिट्टी फुंकलेली, त्यामुळे व्हीएआरलाही (व्हिडिओ बघणाऱ्या रेफ्रीला) हात लावता येईना. कीपरचा बॉलवर पूर्ण ताबाच नव्हता, हे आंधळ्यालाही दिसत होतं. आणि नेमकं तेव्हा रिमोटवाल्याने मोठ्या स्क्रीनवर ॲनफिल्ड लावलं, ट्रॉफी दाखवतील म्हणून! त्या पोराने रिप्ले शेजारच्याच्या मोबाईलवर बघितला. पाचच मिनिटांत युनायटेडच्या आमादचा हेडर, विषय संपला. उलट न्यूकॅसलवाले दोघं घरच्या मैदानावर एव्हर्टनकडून 0-1 हरूनही नाचत होते, गोल डिफरन्सवर व्हिलाच्या पुढे पाचवे आले म्हणून.

सगळ्यात जास्त वाद मात्र स्पर्सवरून. 22 मॅच हरून 17 वे, शेवटच्या दिवशी ब्रायटनकडून घरीच 4-1, पण 17 वर्षांनी कप घरात. ट्रॉफी नसलेला दुसरा नंबर बरा की ट्रॉफीवाला सतरावा? हॉलमध्ये हात वर करून मतदान झालं आणि सतरावा जिंकला. मला नाही पटलं. कप जिंकून देऊनही कोच अँजला 16 दिवसांत नारळ मिळाला, म्हणजे त्यांच्याच मालकांना पटलेलं दिसत नाही.

खाण्याचं सांगायचं तर विंग्स चांगले, पीनट मसाला मऊ पडलेला. सगळ्या मॅचचा हाफटाइम एकदम होतो हे किचनला कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक, सगळी टेबलं एकदम ऑर्डर द्यायला लागली आणि माझे विंग्स आले तेव्हा चेल्सीचा गोल होऊन गेला होता. बाथरूमची लाइन दारापर्यंत. बसवायची व्यवस्था मात्र डोकं लावून केलेली, युनायटेड आणि लिव्हरपूल दोन टोकांना आणि मधे सिटीवाले, जे एफए कपची फायनल क्रिस्टल पॅलेसकडून हरल्यापासून कुणाशी भांडायच्या मूडमध्येच नव्हते.

पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन पब्लिकचे. टेबल फोनवर बुक करा आणि डिशवाला टीव्हीच मागून घ्या. पार्किंग नाहीये, रिक्षाने जा.