संध्याकाळच्या फोटोंसाठी कार्बन फायबरचा ट्रॅव्हल ट्रायपॉड कसा आहे?

बारा हजारांच्या आसपास घेतला. वजन सव्वा किलो, घडी केली की सॅकच्या बाजूला अडकतो. कामानिमित्त फिरताना तो बरोबर असतोच, पण सगळ्यात जास्त वापरते नवी मुंबईत वाशीच्या खाडीकाठी, सागर विहारला, म्हणून तिथलाच अनुभव लिहिते.

पूर्वी सूर्यास्त म्हणजे भराभर क्लिक करायचे आणि पुढची गाडी पकडायची. ट्रायपॉड लावला की ते जमत नाही. पाय उघडा, एकेक लॉक पिळा, लेव्हल बघा, फ्रेम ठरवा. एवढा खटाटोप केल्यावर लगेच गुंडाळणं जिवावर येतं, आणि मला तर हाच त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. बिंब टेकल्यापासून बुडायला जेमतेम सव्वादोन मिनिटं लागतात. त्यानंतर वीसेक मिनिटं आभाळात उजेड असतो आणि ढग असतील तर रंग चढतो तो तेव्हाच, कारण क्षितिजाखालून येणारा लाल उजेड उंच ढगांच्या पोटाला लागतो. तोवर निम्मी गर्दी पार्किंगकडे वळलेली असते. फिरायला आलेल्या एका काकांनी विचारलं, "ताई, सूर्य तर गेला, आता कसला फोटो?" त्यांना आठ सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं ठेवून काढलेला फोटो, दाखवला. खाडी सपाट, जांभळट. डावीकडच्या वाशी पुलाचे दिवे पाण्यात लांबच लांब उतरलेले. मग काकाही थांबले.

वेळ साधायला कोकणातला जुना हिशोब पुरतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, म्हणजे मावळतीला भरती. पौर्णिमा-अमावस्येला त्या वेळी ओहोटी, चिखल उघडा. हिवाळ्यापासून मेपर्यंत त्यात रोहित (फ्लेमिंगो) चरताना दिसू शकतात.

आता तक्रारी. पाय पाच भागांचे, शेवटचा भाग फारच बारीक. खाडीवर वारा सुटला की थरथरतो आणि झूम करून पाहिलं तर दिवे दुहेरी दिसतात. तो भाग बंदच ठेवा, मधला दांडा वर काढू नका. मधल्या दांड्याखालच्या हुकला सॅक अडकवाल तर ती जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळली की झुलते आणि कॅमेऱ्यालाही हलवते. ओहोटीला काठावर उतरलात तर चिखल लॉकच्या आट्यांत बसतो, वाळला की पिळताना कचकच वाजतो. घरी आल्यावर लॉक सोडवून गोड्या पाण्याने धुवा, जुन्या टूथब्रशने आटे घासा, रात्रभर सुकवा, मग किंचित ग्रीस लावा.

सोबत येणारा बॉल हेड (कॅमेरा बसवायचा, हवा तसा वळणारा वरचा भाग) मात्र सुमार. ७०-२०० सारखी टेली (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स लावली की घट्ट करूनही फ्रेम हळूहळू खाली घसरते. वाइड लेन्सला चालून जाईल. टेलीने बिंब टिपणाऱ्यांनी पाय हेच घ्यावेत आणि हेडसाठी वेगळे पैसे बाजूला काढावेत.