बोया बीवाय-एम१ कॉलर माइक: मुलाखत देणाऱ्या लेखकाच्या किती कामाचा?

पुस्तक आले की मुलाखती येतात, आणि हल्ली त्यांतल्या बऱ्याच घरी बसूनच द्याव्या लागतात. गोव्यात घर म्हणजे पत्र्यावर कोसळणारा पाऊस, दारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा आणि मध्येच गेलेली वीज. चेहरा जरा अंधुक दिसला तर वाहिनीवाले चालवून घेतात, आवाज तुटला तर मुलाखतच आवरती घेतात. म्हणून कॅमेऱ्याआधी माइकवर पैसे घालावेत. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा हा तारेचा माइक त्याला पुरेसा आहे, फक्त तो योग्य जागी लावायला हवा.

तार ६ मीटर, टोकाला ३.५ मिमीची पिन. तारेत एक लहान डबी असते, तिच्यात एलआर४४ बटण-सेल आणि एक खटका. मोबाइलला सेलची गरज नाही, खटका मोबाइलच्या बाजूला ठेवायचा. कॅमेऱ्याला जोडताना तो दुसरीकडे सरकवायचा. माइक मुका वाटला तर आधी खटका पाहावा, मग पिन पूर्ण आत गेली आहे का ते. मोबाइलचे जाड कव्हर पिनेला अडवते, ते काढून ठेवावे. गोल भोक नसलेल्या मोबाइलला यूएसबी-सीचा जोड लागतो. प्रत्येक जोड प्रत्येक मोबाइलवर माइक चालवतोच असे नाही, तेव्हा दुकानातच दोन वाक्ये रेकॉर्ड करून ऐकावीत.

खरी अडचण कानाची आहे. माइकने भोक अडवले की त्यात इअरफोन लावता येत नाही. मग मुलाखतकाराचा आवाज स्पीकरवर येतो, चारी बाजूंचे ऐकणारा हा माइक तोही उचलतो आणि पलीकडच्याला स्वतःचेच शब्द परत ऐकू येतात. ब्लूटूथ इअरफोन जोडला तर मोबाइल बहुधा त्याचाच माइक धरतो आणि कॉलरवरचा नुसता शोभेला राहतो.

यावर उपाय दोन मोबाइलांचा, आणि या माइकचे खरे मोल तिथेच कळते. कॉल पहिल्या मोबाइलवर, साध्या इअरफोनने घ्यावा. कॉलर माइक दुसऱ्या मोबाइलला लावून तो विमान मोडवर टाकावा आणि रेकॉर्डिंग सुरू करावे. कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी, म्हणजे संकलकाला चित्र आणि आवाज जुळवता येतात. आता वीज गेली, राउटर बंद पडला, तरी चालू उत्तर न थांबता पुरे करायचे. थेट प्रक्षेपणात तुटलेला भाग परत येत नाही, पण मुलाखत नंतर दाखवायची असेल तर ही फाइल तिला वाचवते. रेकॉर्डिंगचा दर ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) ठेवला तर अर्ध्या तासाचे जेमतेम १५ एमबी होतात. व्हॉट्सअॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आपण रेकॉर्ड करतो आहोत हे निर्मात्याला आधी सांगावे, ते सभ्यपणाचेही आहे.

माइक हनुवटीखाली साधारण एक वीत, छातीच्या मध्यावर लावावा. खळ घातलेला सदरा, रेशमी पदर, मंगळसूत्र यांची घसट थेट आवाजात उतरते. क्लिपच्या मागे तारेचा एक वळसा घेऊन तो चिकटपट्टीने आतून कापडाला चिकटवला की ओढ माइकपर्यंत पोचत नाही. स्पंजाची टोपी श्वासाचे फटके अडवते, पाऊस नाही. पत्र्याखालची खोली सोडून माडीच्या खालची, पडदे-गाद्या असलेली खोली निवडणे हाच इलाज.

पणजीत अल्तिनोच्या टेकडीवर आकाशवाणीत किंवा एखाद्या वाहिनीच्या स्टुडिओत गेलात तर माइक त्यांचाच असतो. तिथे हा पिशवीतच राहतो, आणि उरतात त्या माइकने न सुटणाऱ्या अडचणी. पुस्तकाचे नाव चुकीचे घेतले गेले तर पहिल्याच उत्तरात, सहज, बरोबर नाव उच्चारावे. पुस्तक वाचलेलेच नाही असे दिसले तर ‘यात एक प्रसंग आहे’ म्हणत आपणच ४० सेकंदांत तो सांगावा. गोव्यात मराठीत लिहिणाऱ्याला भाषावादाचा प्रश्न कधीही येऊ शकतो. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली, एवढे नेमके बोलून दुसऱ्या वाक्यात पुस्तकाकडे वळावे. मुलाखतकार मध्येच कोंकणीत शिरला तर उत्तर कोणत्या भाषेत द्यायचे, हे सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

काम झाले की सेल काढून ठेवावा, नाहीतर तो डबीत पाझरतो. आपल्या दमट हवेत पिनेवर हिरवट थर चढतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून माइक ठेवावा, आणि तार हाताच्या पंजाएवढ्या सैल वेटोळ्यात गुंडाळावी. बोटाभोवती आवळली तर पिनेजवळ ती आतून तुटते.