नॅशनल म्युझियम, दिल्ली: सात महिने, अकरा फेऱ्या आणि दायमाबादचा रथ

मार्चमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा मी याला पाचातले तीनच दिले असते. सगळं एका दिवसात उरकायचं म्हणून नाणी, मिनिएचर, मूर्ती, दिसेल त्याचे फोटो काढत सुटले आणि घरी आल्यावर धड काही आठवेना. मग मोबाईलचा कॅमेरा गेला. सर्व्हिस सेंटरवाला म्हणे वॉरंटीत बसत नाही, सहा हजार होतील. तासभर भांडले आणि फोन तसाच परत आणला. अहो, इथलं तिकीट 20 रुपये आहे, तेवढ्या पैशात तीनशे वेळा जाऊन होईल! तेव्हापासून वही-पेन्सिल घेऊन जाते आणि मत पार बदललंय.

हडप्पा दालनात गर्दी असते ती मोहेंजोदडोच्या ब्राँझच्या नर्तकीपाशी. साडेदहा सेंटिमीटरची आहे, सुंदरच आहे, वाद नाही. पण दायमाबादचा छोटा ब्राँझचा रथ बघा हो! आमच्या प्रवरेकाठचा, श्रीरामपूर तालुक्यातला, 1974 साली एका शेतकऱ्याला सापडलेला. 45 सेंटिमीटर लांब, पुढे दोन बैल, मागे उभा माणूस. पहिल्या फेरीत मी खेळणं समजून पुढे गेले होते. चित्र काढताना आधी दांडी काढली, मग जू काढायला घेतलं आणि हात थांबला, कारण ते मानेवर अगदी जिथं बसायला पाहिजे तिथंच बसलंय. आणि माणूस उभा आहे. माल उतरवून रिकामी गाडी घेऊन येताना आमचे दादा असेच उभ्यानं हाकत यायचे, लांबूनच ओळखू यायचे. मला तिथं भरूनच आलं.

काळावरून वाद आहे. साळी, ढवळीकर, एस. आर. राव हे पुरातत्त्वज्ञ उत्तर हडप्पा काळ, म्हणजे हडप्पा संस्कृतीचा शेवटचा टप्पा धरतात, तर त्या काळच्या इतर वस्तूंपेक्षा धातूत आर्सेनिक जास्त म्हणून संशोधक डी. पी. अग्रवाल यांना तो बराच अलीकडचा वाटला. मी साळींच्या बाजूची, त्यांनी दायमाबादला चार हंगाम उत्खनन केलंय.

एकच खंत. एकत्र सापडलेल्या चार वस्तूंपैकी हत्ती, गेंडा आणि रेडा मुंबईच्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि रथ एकटा इथं. चौघं एकदा तरी शेजारी ठेवायला हवेत, मी कुठूनही येईन बघायला.

बाकी दालनांचं दुसरे लोक लिहितीलच. सोमवारी बंद असतं. दिवाळीला गावी जाताना आधी मुंबईला उतरणारे, वहीत तीन पानं कोरी ठेवलीयत.