वरच्या जबड्यात फक्त ३ मिलिमीटर हाड: सायनस लिफ्ट आणि इम्प्लांटचा दहा महिन्यांचा अनुभव

वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा मी २०१४ साली काढून घेतल्या. दुखणं थांबलं, डावीकडून जेवायची सवय लागली आणि पुढची नऊ वर्षं त्या मोकळ्या जागेकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळं पुढचं रामायण त्या नऊ वर्षांचं आहे.

कृत्रिम दाढा बसवायला गेले तेव्हा पहिल्या दवाखान्यात साधा एक्स-रे बघून "हाड आहे, पुढच्या आठवड्यात स्क्रू बसवून टाकू" असं सांगितलं. मुलीनं आग्रह धरला म्हणून पुण्यात दुसरीकडे दाखवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, करायला लावला आणि माझा जबडा पडद्यावर उभा चिरल्यासारखा दाखवला. वर सायनसची, म्हणजे नाकाशेजारच्या हवेच्या जागेची, काळी पोकळी, खाली हिरडी, मधे एक पातळ पांढरी पट्टी. ती पट्टी म्हणजे माझं हाड, ३ मिलिमीटर. त्यात बसवायचा स्क्रू, म्हणजे इम्प्लांट, १० मिलिमीटरचा! दाढ गेली की चावण्याचा जोर हाडाला मिळत नाही, ते झिजत जातं. आणि वरच्या जबड्यात सायनसही खाली पसरत येतो. तो स्क्रू त्या आठवड्यात बसवला असता तर कशाच्या आधारावर उभा राहिला असता, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून आधी सायनस लिफ्ट. गालाच्या बाजूनं हिरडी उघडून हाडाला छोटी खिडकी पाडतात, सायनसचं नाजूक अस्तर न फाडता वर उचलतात आणि खाली झालेल्या जागेत हाड भरून यावं म्हणून दाणे भरतात. हे दाणे पुष्कळदा गाईच्या हाडापासून केलेले असतात. आमच्या घरात माळ आहे. मी विचारलं म्हणून कळलं, नाहीतर संमतीपत्रातल्या बारीक अक्षरांत ते राहून गेलं असतं. बाईंनी न रागावता कॅल्शियम फॉस्फेटच्या कृत्रिम दाण्यांचा पर्याय दिला, मी तो घेतला. ज्यांना हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो त्यांनी तो खुर्चीवर बसायच्या आधीच विचारावा.

भूल दिल्यावर दुखलं नाही, पण कवटीत घुमणारा आवाज आणि दाब जाणवत राहतो. तिसऱ्या दिवशी डोळ्याखाली काळंनिळं झालं. खरी परीक्षा पंधरा दिवसांची: नाक शिंकरायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. एकदा फोडणीच्या ठसक्यानं शिंक आली, तोंड उघडं ठेवलं, तरी दिवसभर जीव टांगणीला होता.

आठ महिन्यांनी पुन्हा स्कॅन, मग दोन इम्प्लांट, मग आणखी पाच महिने थांबणं. वरचं हाड मऊ असतं, टायटॅनियमशी घट्ट जुळायला त्याला वेळ लागतो. एकंदर एक लाख साठ हजार गेले. माझ्या मेडिक्लेममध्ये एक रुपयाही बसला नाही.

इम्प्लांटवर दाढेच्या आकाराची कॅप बसून आता दहा महिने झाले. ज्वारीची भाकरी, भाजलेले शेंगदाणे, पेरू, सगळं उजवीकडून चावते. मात्र नैसर्गिक दाढेला खडा लागला की कळतं, तसं इथे चटकन कळत नाही, म्हणून डाळ-तांदूळ आता दोनदा निवडते. चौथ्या महिन्यात एक कॅप किंचित हलायला लागली. मी रडकुंडीला आले. इम्प्लांट जागच्या जागी होता, कॅप धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झाला होता. दहा मिनिटांत आवळून दिला. असं झालं तर त्याच दिवशी जावं, हलतं घेऊन चावत राहू नये. कॅपखाली पालेभाजी अडकते, रोज रात्री बारीक ब्रश फिरवावाच लागतो.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचे वरचे सगळेच दात गेलेत, हाड तर माझ्याहून कमी. त्यांना गालफडाच्या हाडात रुतवायच्या लांब इम्प्लांटचा सल्ला मिळाला. ते काम मोठं, साखर आटोक्यात नाही आणि मिशरी सुटलेली नाही. डॉक्टरांनी आधी या दोन्ही गोष्टी सांभाळायला सांगितल्यात. तोवर कवळीवर चाललंय, आणि मला ते पटतं.

गेल्या महिन्यात माझी डावीकडची वरची दाढ काढावी लागली. या वेळी काढतानाच खड्ड्यात दाणे भरून घेतले आणि चार महिन्यांनंतरच्या स्कॅनची तारीख तिथेच ठरवून घरी आले.